वाळलेल्या हातांची पंगत

माझ्या तोंडाचं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला. कोणी तोंडाने विचारला, कोणी नुसत्या डोळ्यांनी. "खर्रा खात होत्या का?" मी आयुष्यात जेवणानंतरची सुपारीसुद्धा चघळलेली नाही. एक वाकडी दाढ वर्षानुवर्षं गालाला घासत राहिली आणि तिने हे प्रताप केले. पण आमच्या नागपूरला तोंडाचा कॅन्सर म्हटलं की तंबाखू-सुपारीच्या त्या पुडीशिवाय दुसरं काही सुचत नाही. शेवटी शेवटी मी "हो, रोज दोन पुड्या" असं सांगून मोकळी व्हायला लागले. लोकांचंही समाधान झालं.

मी सुहासिनी. विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते आणि आवारातल्याच क्वार्टरमध्ये राहते. नवरा मधुसूदन जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी अदिती बंगलोरला. आजारपणाआधी माझी ख्याती दोन गोष्टींसाठी होती, एक माझी जीभ आणि दुसरं माझं भरभर जेवणं. जीभ वाचली. जेवणाचं मात्र भजं झालं. रेडिएशनने लाळ आटली, चव गेली, जबडा अर्धाच उघडतो. साधा वरणभात खाली उतरवायला तासभर लागतो, आणि मधूनच ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून वरण ओघळतं, ते मला कळतही नाही.

मधले दोन-तीन महिने नाकातल्या नळीवर काढले. ज्याने ती नळी घालून घेतली आहे त्याला मी काही सांगायला नको, आणि ज्याने घातली नाही त्याला सांगून कळणार नाही. नळी काढताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "वजन आणखी उतरलं तर मला ती परत घालावी लागेल. आणि एक करा, एकट्या जेवू नका. एकटा माणूस दोन घासांत कंटाळतो." बरोबर होतं त्यांचं. घरी मी ताटासमोर बसायचे, दोन घास गिळायचे आणि ताट झाकून टाकायचे. अदिती व्हिडिओ कॉल लावून "आई, घास घे, आई, चाव" करत बसायची. पोटची पोर असली तरी अशा वेळी फोन खिडकीतून भिरकावून द्यावासा वाटतो.

म्हणून जुलैपासून मी दुपारी विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये जेवायला लागले. तिथे कर्मचाऱ्यांनाही जेवता येतं, पण प्राध्यापक मंडळी सहसा फिरकत नाहीत. लांबलचक टेबलं, दोन्ही बाजूंना बाक, भिंतीत घरघरणारा कूलर. मी कोपऱ्यातली जागा धरली. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे माणसं भरपूर होती. पण हॉस्टेलची पोरं जेवतात कशी? दहा मिनिटांत पाच पोळ्या हाणून पसार. माझा तिसरा घास तोंडात घोळत असायचा आणि समोरची रांग रिकामी झालेली असायची. नवीन लोक यायचे, तेही जायचे. शेवटी मी एकटी उरायचे आणि मेस चालवणाऱ्या शोभाताई ओलं फडकं घेऊन माझ्या ताटाभोवती टेबल पुसायला लागायच्या. बाई वाईट नव्हती. तिला रात्रीची तयारी करायची होती. पण ते फडकं जवळ येताना दिसलं की मला पुढचा घास उतरायचा नाही. मी अर्धं ताट तसंच टाकून उठायचे.

ऑगस्टच्या तपासणीत वजन उतरलेलंच निघालं. डॉक्टर म्हणाले, "दिवाळी झाली की या. तेव्हाही असंच असेल तर नळी." मी घरी येऊन आरशात नाक बघत बसले. हसण्यासारखं आहे, पण तेव्हा मला हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात एक मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. सडसडीत, तेल लावून घट्ट वेणी, ताटात पोळ्यांची चळत. तिने इतरांसारखंच झपाझप जेवण उरकलं आणि मग ती उठलीच नाही. उष्टा हात ताटावर धरून गप्प बसून राहिली. मोबाइलही काढला नाही. माझ्या ओठांतून वरण ओघळलं, मी पदराने पुसलं, मान वर केली तर ही समोर. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं मार्कांसाठी मस्का असेल, पण ती माझ्या विभागातली नव्हती. मग वाटलं, कीव येत असेल. कीव म्हटलं की माझं डोकं सणकतं.

"काय गं," मी म्हटलं, "तमाशा चालू आहे का इथे? हात धुवायला जा की."

ती दचकली, पण हलली नाही. "तुमचं झालं नाही न अजून, मॅडम. कशी उठू?"

"म्हणजे?"

"तुम्ही आन् मी एकाच पंगतीत बसलो न. पंगतीतून कोनी आधी उठते काय?"

तिच्या चेहऱ्यावर कीव नव्हती. उलट मी एवढी शिकलेली बाई असून असा प्रश्न कसा विचारते, याचंच तिला नवल वाटत होतं. बाजूला विक्की नावाचा एक उंच मुलगा बसला होता, बुटीबोरीचा, वडील तिथल्या सूतगिरणीत. तो फसकन हसला.

"मॅडम, ही पंगतवाली आहे. हिचा पहिल्या दिवसाचा किस्सा माहीत नाही काय तुम्हाले?"

किस्सा असा. ती मुलगी, दामिनी, नरखेड तालुक्यातली. घरी संत्र्या-मोसंबीची बाग. रोजची ये-जा जमणारी नव्हती म्हणून हॉस्टेलला आली. मेसमधल्या पहिल्या दुपारी ती टेबलावर बसली, जेवली आणि पंगत उठायची वाट पाहू लागली. आता मेसचं टेबल कधी उठतं का? एक जेवून गेला की त्याच्या जागी दुसरा येतो. जो नवा बसला त्याचं अजून व्हायचं आहे, म्हणून ही थांबलेली. तो गेला तर पलीकडे आणखी दोघं ताटं घेऊन आलेली. असं करता करता पोरीचा वनस्पतिशास्त्राचा पहिला प्रॅक्टिकल बुडाला. मेस बंद करताना शोभाताईंनी विचारलं, "काहून बसली वं पोरी, भूक राह्यली काय?" तेव्हा कुठे उलगडा झाला. सगळं हॉस्टेल महिनाभर त्यावर जगलं.

"मग आता?" मी विचारलं. संख्याशास्त्रवाल्या माणसाला ही अडचण खरोखरच रोचक वाटली. सतत भरत राहणारी रांग, तिचा शेवट कुठे मानायचा?

"आता मी समोरच्याचंच पाह्यते," दामिनी म्हणाली. "ज्याच्यासमोर बसली त्याचं झालं का उठते. पण सगळे लवकर जेवते न, म्हणून कोनाले समजलं नाही. तुमच्यासमोर बसली तवा समजलं."

"अगं, पण मला तास लागतो. तुझे क्लास?"

"दोन वाजता हाये. तवरोक होते तुमचं."

"मग दुसरीकडे बस."

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "बाबा आमच्या गावात वाढपी हाये, मॅडम. कोनाचंही लग्न असो, वाढाले बाबाच. ते म्हणते, मांगं राह्यलेल्या मानसाले पोटात भूक असून घास जात नाही. आजूबाजूचे उठले का त्याले लाज वाटते. आन् वाढपी तर सगळ्यात शेवटी जेवते, सगळी पंगत उठल्यावर, एकटाच. इकडे पत्रावळी उचलनं चालू, तिकडे बाबा जेवून राह्यले. म्हणून त्याह्यले माहीत हाये."

त्या दुपारी, किती तरी दिवसांनी, मी ताट पूर्ण संपवलं. ती समोर बसून होती. हातावरचं वरण पार वाळलं होतं तिच्या.

त्यानंतर आमची पंगतच झाली. दामिनीची खोलीतली मैत्रीण मुग्धा यायला लागली, आणि मुग्धा येते म्हणून विक्की यायला लागला. दामिनीने दोघांनाही उठायची बंदी केली. विक्की कुरकुरायचा, "हात पापड झाला न बे माझा," पण बसायचा. हात वाळलेले असल्यामुळे कोणाला मोबाइल घेता यायचा नाही, मग बोलण्याशिवाय करणार काय? बोलायचे, भांडायचे. परीक्षेतला पेपर, मुग्धाची वहिनी, कोणत्या चौकातले तर्री पोहे भारी. त्यांच्या भांडणात माझं गिळण्याकडे लक्ष राहायचं नाही आणि घास आपोआप उतरायचा. ओठांतून काही ओघळलं तर दामिनी नुसतं स्वतःच्या ओठाला बोट लावून दाखवायची, जेवढं आईला दाखवावं तेवढंच. मी पुसायचे. गप्पा थांबायच्या नाहीत.

शोभाताईंचं फडकंही बदललं. त्या आता दुसऱ्या टोकापासून सुरुवात करायच्या आणि आमचं टेबल शेवटी घ्यायच्या. गुरुवारी पाटोडी-रस्सा असायचा. तो जाळ रस्सा माझ्या तोंडाला कुठला सोसायला? त्या रस्सा पडण्याआधीच बेसनाच्या चार पाटोड्या बाजूला काढून मऊ वरणात भिजवून ठेवायच्या. अशाच एका गुरुवारी मला वरणात हिंग लागला. नुसता वास नाही, चव. मी घास तोंडात धरून तशीच बसले. मुग्धा घाबरली, "मॅडम, अटकलं काय?" मी मान हलवली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला ते पुसायचं नव्हतं. देवाचे आभार मानायची मला सवय नाही, पण त्या दिवशी समोर बसलेल्या तिघांचे मी मनातल्या मनात इतके मानले की देवाच्या वाट्याचेही त्यांनाच गेले असतील.

मग दिवाळी आली आणि मेस बंद झाली. पोरं आपापल्या गावी गेली. अदितीला सुट्टी मिळाली नाही. डॉक्टरांकडे जायचं होतं दिवाळीनंतर लगेच, आणि मी पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात एकटी. इतक्या दिवसांत मिळवलेलं सगळं आठवड्यात घालवणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. पहिल्याच दिवशी दोन घासांनंतर ताट झाकलं. दुसऱ्या दिवशी घेतलंच नाही. नाकात ती नळी आत्ताच असल्यासारखं हुळहुळायला लागलं.

पाडव्याच्या दुपारी दामिनीचा व्हिडिओ कॉल आला. "मॅडम, ताट घेऊन बसा. आमी बसलो."

मला वाटलं गंमत करते आहे. पण तिने फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि बाजूला झाली. ओसरीवर घरची पंगत बसली होती. दामिनी, तिची आई प्रेमिला, धाकटी बहीण पिंकी आणि डोक्याला पांढरा रुमाल बांधलेले वडील, चंद्रभान. फोनची जागा मुद्दाम त्यांच्या समोरची, म्हणजे मी त्यांच्या पुढ्यातच बसलेली. काय करणार? मी वरणभात कालवून घेतला आणि फोन डब्याला टेकवून बसले. त्यांनी हात जोडले, मीही जोडले. जेवण सुरू झालं.

त्यांचं आटोपलं. माझं अर्ध्यावर होतं. चौघंही वाळते हात घेऊन निवांत बसून माझ्याशी बोलत होती, बागेबद्दल, थंडीबद्दल. तेवढ्यात चित्र अडकलं आणि फोन कट झाला. मी परत लावला, लागेना. तिसऱ्यांदाही लागेना. त्यांच्या मळ्यात नेटवर्कचा काही भरवसा नाही, दामिनी नेहमी सांगायची. संपली पंगत, मी मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर जरा सुटल्यासारखंही वाटलं. ताट बाजूला सारलं, हात धुतला, वर्तमानपत्र घेऊन पडले. वाचता वाचता डोळाही लागला.

उठले तेव्हा उन्हं खिडकीतून पार भिंतीवर गेली होती. वाटलं, त्या माणसांचे आभार तरी मानावेत. फोन लावला. लगेच उचलला गेला, आणि पडद्यावर तीच ओसरी, तीच पंगत. चौघंही तशीच बसलेली. पुढ्यात उष्टी ताटं. पिंकी भिंतीला टेकून पेंगत होती.

"झालं का मॅडम?" चंद्रभानभाऊंनी विचारलं.

"तुम्ही अजून उठला नाहीत?"

"कसं उठाव? तुमचं झालेलं दिसलं नाही न." त्यांनी इतकं साधं सांगितलं, जसं काही बस आली नाही म्हणून स्टँडवर थांबले होते. "फोन गेला, पन तुमी तर जेवतच होत्या तिकडे."

दामिनी ओशाळून हसत होती. "मी म्हटलं बाबा, मॅडमचं झालं असन. तर म्हणते, असन म्हणून उठता येत नाही."

"जेवा बाई तुमी सावकाश," प्रेमिलाताई म्हणाल्या. "आमाले काई घाई नाई."

माझ्या ओठांवर 'झालं' आलं होतं. बोलले असते तर ती माणसं उठली असती, पोरगी झोपायला गेली असती, कोणाचं काही बिघडलं नसतं. पण मी उठले, सारून ठेवलेलं ताट आणलं, गार झालेल्या भातावर गरम वरण ओतलं आणि फोनसमोर बसले. शेवटच्या शितापर्यंत जेवले. जेवताना रडत होते, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्तच वेळ लागला. ताट रिकामं झालं तेव्हा मी ते फोनसमोर तिरपं करून दाखवलं. चंद्रभानभाऊंनी मान डोलावली, पिंकीला हलवून उठवलं, आणि मग नरखेड आणि नागपूर एकदमच उठलं.

दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत रोज दुपारी हेच. डॉक्टरांच्या काट्याने वजन वाढलेलं दाखवलं. फार नाही, पण वाढलेलं. "नळीचं नाव काढायचं नाही आता," ते म्हणाले, "काय केलंत?" मी म्हटलं, "पंगतीला बसत होते." त्यांना वाटलं लग्नसराई सुरू झाली.

थंडी पडल्यावर चंद्रभानभाऊ मुलीला भेटायला आले. एसटीतून उतरून, खांद्यावर थैली घेऊन थेट मेसमध्येच. थैलीत संत्री असतील असं मी धरून चालले होते, कारण नरखेडचा माणूस दुसरं काय आणणार. पण निघाली मोसंबी. "दामिनी म्हणे, मॅडमच्या तोंडाले आंबट झोंबते," ते म्हणाले. "हे झोंबत नाही. मी गोड झाडाची निवडून आनली." मी एक मोसंबी हातात घेऊन हुंगत राहिले.

त्यांना आम्ही आमच्या टेबलावर बसवायला पाहिलं. पण तो माणूस बसेना. शोभाताईंना गर्दी आवरत नव्हती हे त्यांनी एका नजरेत पाहिलं आणि सरळ जाऊन वरणाची बादली उचलली. "अहो काका, इथे ज्याचं त्याने घ्यायचं असते," विक्कीने सांगून पाहिलं. ऐकतो कोण? ते बाकांमधून फिरू लागले, प्रत्येकापाशी थांबून, थोडं वाकून, "घ्या न, अजून घ्या." पहिल्यांदा पोरं हसली. मग ज्यांनी वर्षानुवर्षं कोणाच्या हातचं वाढून घेतलं नव्हतं ती पोरं मुकाट्याने ताटं पुढे करू लागली. माझ्या भातावर त्यांनी वरण ओतलं ते अगदी पातळ, वरचंवरचं. हेही कोणी तरी सांगून ठेवलेलं होतं.

मेस रिकामी व्हायला आली तेव्हा त्यांनी बादली ठेवली, स्वतःचं ताट घेतलं आणि आमच्या टेबलाच्या टोकाला येऊन बसले. दामिनीचा प्रॅक्टिकल होता. तो पुन्हा बुडायला नको म्हणून त्यांनीच तिला आणि मुग्धाला उठवून पाठवलं. विक्कीलाही क्लास होता. शोभाताई पलीकडच्या टोकाला फडकं घेऊन लागल्या. माझं जेवण झालं होतं. आजारपणानंतर पहिल्यांदाच कोणाच्या आधी झालं होतं.

चंद्रभानभाऊंनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मग ते घाई करू लागले. मोठे मोठे घास, पाण्याच्या घोटासोबत. ती घाई मला चांगली ओळखीची होती.

"तुमी उठा मॅडम," ते म्हणाले. "हात सुकला तुमचा. मले सवय हाये एकट्यानं जेवाची."

मी हात ताटावर तसाच धरला. त्यावरचं वरण केव्हाच वाळलं होतं. "कशी उठू, भाऊ?" मी म्हटलं. "तुमचं व्हायचंय ना अजून."

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला, पोळीचा लहानसा तुकडा मोडला आणि सावकाश जेवायला लागले.